कॉम्प्युटर सायन्सची पदवी: तीन-चार वर्षांत मुलं नेमकं काय शिकतात?

बारावीचा निकाल लागला की आपल्या बऱ्याच घरांत एकच चर्चा सुरू होते. "पोराला कॉम्प्युटरला टाकायचंय, कुठं टाकू?" मामू म्हणतात बीसीए करा, शेजारचे म्हणतात बीएस्सी आयटी, कोचिंगवाले सर म्हणतात इंजिनिअरिंगशिवाय पर्याय नाही. कॉलेजांची माहितीपत्रकं पाहावीत तर सगळीकडे तीच चकचकीत लॅब आणि तीच नोकऱ्यांची यादी. पण मूल वर्गात जाऊन बसल्यावर त्याच्यासमोर काय येतं, दुसऱ्या वर्षी काय येतं आणि शेवटी त्याच्या हाती काय लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही. ज्या घरातलं कॉलेजला जाणारं हे पहिलंच मूल आहे, तिथं तर विचारायचं कुणाला हाच प्रश्न असतो. या लेखात ती माहिती एका जागी दिली आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. पदवीचं नाव काहीही असो, आतला गाभा पाच-सहा विषयांचाच आहे: प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेलं गणित. हे विषय ज्याचे पक्के झाले, त्याला साध्या कॉलेजातूनही वाट सापडते. ते कच्चे राहिले, तर मोठ्या नावाच्या पदवीचाही फारसा उपयोग होत नाही. म्हणून कोर्स निवडताना आणि नंतर मुलाची प्रगती पाहतानाही याच विषयांवर नजर ठेवावी.

कॉम्प्युटर चालवणं आणि कॉम्प्युटर सायन्स

एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग, डीटीपी हे सगळे उपयोगाचे कोर्स आहेत. त्यात तयार सॉफ्टवेअर वापरायला शिकवतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये असं सॉफ्टवेअर बनतं कसं, ते चालतं कसं आणि अडतं कुठं हे शिकायचं असतं. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या घरांना हा फरक लगेच कळेल. माग चालवणारा वेगळा आणि मागाची रचना जाणून त्यावर नवी नक्षी बसवणारा वेगळा.

हे मागाचं उदाहरण उगाच दिलेलं नाही. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पत्त्यांवर नक्षी विणणारा माग आणला. पत्ता बदलला की त्याच मागावर दुसरी नक्षी. यंत्र तेच, सूचना वेगळ्या. हीच कल्पना इंग्लंडचे चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. मागाच्या घरातल्या मुलाला प्रोग्रॅम म्हणजे काय हे समजवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

कोणकोणते कोर्स आहेत?

*बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स):* बारावी सायन्स, तेही गणित घेऊन झालेलं असावं, अशी अट साधारणपणे असते. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कॉम्प्युटरसोबत गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सही शिकावं लागतं. पाया घट्ट करणारा कोर्स आहे. बहुतेक ठिकाणी तो विनाअनुदानित चालतो, म्हणून फी साध्या बीएस्सीपेक्षा जास्त असते.

*बीएस्सी (आयटी):* मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत हा फार चालतो. बारावीला गणित हवं. त्यामुळे कॉमर्सला गणित घेतलेली मुलंही इथं येऊ शकतात. नेटवर्क, वेब आणि सॉफ्टवेअर बांधणीकडे कल जास्त.

*बीसीए:* आर्ट्स, कॉमर्सच्या मुलांसाठीही दार उघडं असलेला कोर्स. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए हे कोर्स एआयसीटीईच्या अखत्यारीत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. "बीसीएला काय, कधीही ॲडमिशन मिळतं" या जुन्या समजुतीवर राहू नका. फॉर्मची तारीख चुकली तर वर्ष वाया जाऊ शकतं.

*बीई / बीटेक:* चार वर्षांचा इंजिनिअरिंगचा कोर्स. एमएचटी-सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर प्रवेश. एमएचटी-सीईटी २०० गुणांची असते. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० आणि गणित १००. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. पहिल्या वर्षी फिजिक्स, केमिस्ट्री, इंजिनिअरिंग ग्राफिक्स असे सगळ्या शाखांचे विषय असतात, खरं कॉम्प्युटर त्यानंतर सुरू होतं. कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स अशा वेगवेगळ्या नावांच्या शाखा असल्या तरी गाभ्याचे बरेच विषय सारखेच असतात.

*दहावीनंतर डिप्लोमा:* तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. प्रवेश दहावीच्या गुणांवर. ज्याला लवकर हाताने काम करायला आवडतं आणि अकरावी-बारावीच्या कोचिंगचा खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी चांगली वाट.

*घरी बसून होणारी पदवी:* आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस कोर्स २०२० मध्ये जाहीर झाला. जेईई लागत नाही. आधी चार आठवड्यांचा अभ्यास ऑनलाइन करायचा, मग पात्रता परीक्षा द्यायची. वर्ग ऑनलाइन, मोठ्या परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. कुटुंबाचं उत्पन्न आणि प्रवर्ग पाहून फीत सवलत आहे. बाहेरगावी राहण्याची अडचण असलेल्या मुलींनी आणि नोकरी करत शिकणाऱ्यांनी ही वाट जरूर पाहावी. पण अभ्यास हलका आहे असं समजू नका. गणित आणि संख्याशास्त्र तिथंही सोडत नाही. इग्नूचा बीसीएही दूरशिक्षणाने करता येतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार बीएस्सी, बीसीए आता तीन वर्षांत किंवा ऑनर्ससह चार वर्षांत करता येतं. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. घरात अडचण आली आणि मध्येच सोडावं लागलं, तर केलेले क्रेडिट ठरावीक मुदतीपर्यंत जमा राहतात. त्यासाठी मुलाचा एबीसी आयडी काढलेला असायला हवा. सोय चांगली आहे, पण एका वर्षाच्या सर्टिफिकेटला बाजारात पदवीची किंमत मिळत नाही. जमेल तितकं पूर्णच करावं.

पहिलं वर्ष: सी भाषा आणि पहिली घबराट

बहुतेक ठिकाणी सुरुवात सी किंवा पायथॉन भाषेने होते. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये बनवली. इतकी जुनी भाषा आज कशाला, असं मुलं विचारतात. सीमध्ये मशीनची मेमरी झाकलेली नसते. कुठल्या खान्यात काय ठेवलं, तिथं पोचायचं कसं, हे स्वतः सांगावं लागतं. ते एकदा कळलं की पुढच्या भाषा सोप्या जातात.

पहिले प्रोग्रॅम साधे असतात. संख्या सम की विषम, पाढा छापा, मूळ संख्या शोधा. साधे दिसतात, पण इथंच निम्मा वर्ग घाबरतो. दहावी-बारावीत उत्तर पाठ करून लिहिता यायचं. इथं एक स्वल्पविराम चुकला तरी मशीन लाल अक्षरांत चूक दाखवतं. मुलाला वाटतं, आपल्याला हे जमणार नाही. खरं तर अनुभवी प्रोग्रॅमरचाही दिवस चुका शोधण्यातच जातो. आलेला संदेश नीट वाचायचा, कितव्या ओळीत चूक आहे ते पाहायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा चालवायचं. पहिल्या सहा महिन्यांत ही सवय लागली तर मोठं काम झालं समजा.

याच वर्षी 'अल्गोरिदम' हा शब्द येतो. काम कुठल्या पायऱ्यांनी करायचं याची नेमकी कृती म्हणजे अल्गोरिदम. हा शब्द आला आहे नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे विद्वान मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून. 'अल्जिब्रा' हा शब्दही त्यांच्याच किताबाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला. मुलांना हे जरूर सांगावं. मात्र परीक्षेत गुण पायऱ्या बरोबर लिहिण्याचे मिळतात.

दुसरं वर्ष: इथं पाया पडतो

दुसऱ्या वर्षाचे विषय सगळ्यात महत्त्वाचे आणि नेमके याच वर्षी मुलं ढिली पडतात. म्हणून थोडं सविस्तर पाहू.

*डेटा स्ट्रक्चर:* माहिती कशी मांडून ठेवली म्हणजे ती चटकन हाती येईल, याचा हा विषय. दावतीच्या घरी धुतलेल्या रकाब्या एकावर एक रचतात आणि वरचीच आधी उचलतात, ते झालं स्टॅक. रेशनच्या दुकानात जो आधी आला तो आधी, ती झाली क्यू. घराण्याचा शजरा, म्हणजे दादांपासून नातवंडांपर्यंत फुटत गेलेल्या फांद्या, ते झालं ट्री. एसटीचे थांबे आणि त्यांना जोडणारे रस्ते म्हणजे ग्राफ. दोन गावांमधली सगळ्यात जवळची वाट शोधायची डच शास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांची रीत १९५९ मध्ये छापून आली. ती आजही या विषयात शिकवतात.

याचा फायदा किती? समजा १० लाख नावांची यादी अकारविल्हे लावलेली आहे. एकेक नाव वरून खाली पाहत गेलो तर वेळ वाईट असेल तेव्हा १० लाख नावं तपासावी लागतील. त्याऐवजी मधलं नाव पाहिलं, हवं ते नाव आधीचं की नंतरचं हे ठरवलं, निम्मी यादी सोडून दिली, पुन्हा उरलेल्याचं मधलं नाव पाहिलं, असं करत गेलो तर जास्तीत जास्त २० वेळा पाहून काम होतं. मशीन तेच, पण विचार बदलला की १० लाखांचे २० होतात. नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न याच विषयावर येतात.

*डेटाबेस:* माहितीचे तक्ते कसे बनवायचे, एकमेकांशी कसे जोडायचे आणि त्यातून हवं ते कसं काढायचं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विचारावर हा विषय उभा आहे आणि त्यासाठी एसक्यूएल नावाची भाषा शिकतात. आपल्या मुलांना याचं पहिलं तत्त्व वर्गाच्या हजेरीतच सापडेल. एका वर्गात तीन शेख मोहम्मद असतात. इंग्रजीत 'शेख' कुणी एका तऱ्हेने लिहितो, कुणी दुसऱ्या. नावावरून माणूस ओळखायला गेलो तर गुण एकाचे आणि निकाल दुसऱ्याचा. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यायचा असतो. त्याला प्रायमरी की म्हणतात.

दुसरं तत्त्व व्यवहाराचं. तुमच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि समोरच्याला मिळायच्या आतच मशीन बंद पडलं तर? डेटाबेस असा बांधावा लागतो की दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही. अर्धवट काही राहता कामा नये.

*ऑपरेटिंग सिस्टिम:* मोबाइलवर गाडीचा नकाशा, मेसेज आणि कॉल एकाच वेळी कसे चालतात? प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, मेमरी कशी वाटायची, दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट पाहत अडकले तर काय करायचं, हे इथं येतं. प्रॅक्टिकल बहुधा लिनक्सवर होतात. ते फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

*नेटवर्क:* पाठवलेला फोटो लहान तुकड्यांत कसा जातो, एखादा तुकडा हरवला तर पुन्हा कसा मागवतात, साइटचं नाव टाकल्यावर योग्य मशीनचा पत्ता कसा सापडतो. व्हॉट्सॲपवर मेसेज गेला की पलीकडे तो कसा पोचतो, हे मुलाने घरी सोप्या शब्दांत सांगितलं तर विषय समजला असं माना.

याशिवाय जावा किंवा सी प्लस प्लस, वेब पेज बनवणं आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग असतं. दहा जणांनी मिळून एकच मोठा प्रोग्रॅम कसा लिहायचा, कुणी काय बदललं याची नोंद कशी ठेवायची, तपासणी कशी करायची, हे त्यात येतं. नोंद ठेवण्यासाठी गिट नावाचं साधन वापरतात. अभ्यासक्रमात नसलं तरी मुलाने ते शिकावंच.

तिसरं-चौथं वर्ष: निवड आणि प्रोजेक्ट

आता निवडीचे विषय येतात: मशीन लर्निंग, सायबर सुरक्षा, क्लाउड, मोबाइल ॲप. इंजिनिअरिंगमध्ये आणि चांगल्या बीएस्सीत सैद्धांतिक विषयही असतात. ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं की काही प्रश्न असे आहेत जे कुठलंही मशीन, कितीही वेगवान असलं तरी, सोडवू शकत नाही. कोणताही प्रोग्रॅम दिला तरी तो कधी थांबेल की अडकून राहील, हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम बनवणं अशक्य आहे. मुलांना हा विषय कोरडा वाटतो, पण मशीनची हद्द कुठं संपते हे त्यातूनच कळतं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप असते. इथं एक सरळ गोष्ट सांगायला हवी. तयार प्रोजेक्ट पैसे देऊन विकत मिळतात आणि बरीच मुलं ते घेतात. पहिल्या वर्षापासून जर्नल मित्राचं बघून उतरवायचं आणि शेवटी प्रोजेक्ट विकत आणायचा, असं करूनही पास होता येतं. पण मुलाखतीत "ही ओळ इथं का लिहिली?" असा एक प्रश्न आला की सगळं उघडं पडतं. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून भरलेल्या फीचं ते खरं नुकसान आहे.

प्रोजेक्ट लहान असला तरी चालेल, स्वतःचा असावा. मोहल्ल्यातल्या वाचनालयाची नोंदवही, महिलांच्या भिशीचा हिशोब, अब्बांच्या दुकानातल्या मालाचा साठा, रक्तदात्यांची यादी. ज्यांच्या घरात मराठी आणि उर्दू दोन्ही चालतात, त्यांच्याकडे तर आयता विषय आहे. मराठी डावीकडून लिहायची, उर्दू उजवीकडून. एकाच पानावर दोन्ही नीट दाखवणारा छोटा शब्दकोश बनवायला घेतला की युनिकोड म्हणजे काय, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा चांगलं समजतं.

गणिताची भीती

"आमच्या पोरीला गणित आवडत नाही, म्हणून कॉम्प्युटरला टाकतोय" असं म्हणणारे पालक भेटतात. त्यांनी जरा थांबावं. बारावीचं अवघड इंटिग्रेशन इथं रोज लागत नाही हे खरं. पण तर्कशास्त्र, संच, संभाव्यता, मॅट्रिक्स आणि ग्राफ लागतातच. खरं-खोटं, आणि-किंवा यांचं बीजगणित जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात मांडलं. आज प्रत्येक चिप त्याच्यावर चालते. मशीन लर्निंग तर जवळजवळ सगळं संख्याशास्त्र आणि मॅट्रिक्सच आहे.

गणितात कमी गुण पडणं आणि गणितासमोर बसायचीच तयारी नसणं यांत फरक आहे. पहिल्या प्रकारचं मूल मेहनतीने निभावतं. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला ढकलू नका. त्याच्यासाठी ग्राफिक डिझाइन, ॲनिमेशन, अकाउंटिंग अशा कॉम्प्युटरवरच्याच दुसऱ्या वाटा आहेत. शिवाय पुढे एमसीए करायचं असेल तर तिथं गणिताची काही अट आहे का, हे बीसीए घेणाऱ्यांनी आधीच पाहून ठेवावं.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं काय?

पहिलं सत्र जड जातं, हे मान्य करू. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, सर भराभर बोलतात. पण या विषयाचं इंग्रजी मर्यादित आहे. दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. वही करावी. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला आपल्या भाषेत अर्थ. संकल्पना आधी मराठीत, उर्दूत, हिंदीत समजून घ्यायला काही हरकत नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल आणि स्वयंवर फुकट आहेत, ती थांबवून पुन्हा ऐकता येतात. मात्र परीक्षेचं उत्तर आणि मुलाखतीतलं बोलणं इंग्रजीत करावं लागतं. रोज एक परिच्छेद लिहायचा आणि रोज दहा मिनिटं मोठ्याने बोलायचं. यात लाजायचं काही कारण नाही.

एआय कोड लिहितं, मग शिकायचं कशाला?

हा प्रश्न आता प्रत्येक घरात आहे आणि तो रास्त आहे. एआयला सांगितलं की ते प्रोग्रॅम लिहून देतं. पण तो प्रोग्रॅम बरोबर आहे का, लाखो लोकांनी एकदम वापरला तर टिकेल का, त्यात चोराला वाट राहिली आहे का, हे कुणीतरी तपासावं लागतं. एआय पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचंही लिहून देतं. जे काम नुसतं साचेबंद कोड टाइप करायचं होतं, त्याची किंमत घटते आहे, हे खरं. म्हणूनच वर सांगितलेला पाया आज आधीपेक्षा जास्त लागतो. पहिल्या वर्षी तरी मुलाने प्रोग्रॅम स्वतः लिहावा, अडला तर एआयला "चूक कुठं आहे ते समजावून सांग" म्हणावं. सगळं त्याच्याकडून करून घेणारा मुलगा वर्षअखेरीस कोराच राहतो.

फी, सवलती आणि कागदपत्रं

आपली बरीच मुलं गुणांमुळे नाही, कागदांमुळे मागे राहतात. म्हणून हा भाग घरातल्या मोठ्यांनी नीट वाचावा.

- महाराष्ट्रात मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. आपली बिरादरी यादीत नेमकी कोणत्या नावाने आहे ते पाहा. दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र तिन्ही लागतात.
- ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. दादांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं आणि इथंच गाडी अडते. म्हणून जुने कागद शोधायचं काम मूल अकरावीत असतानाच सुरू करा.
- जे ओबीसीत नाहीत आणि उत्पन्न मर्यादेत आहे, त्यांना ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढता येतं. त्याला धर्माची अट नाही.
- २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्ससाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं आणि प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. आपला कोर्स यात बसतो का, हे फॉर्म भरायच्या आधी कॉलेजला विचारा.
- शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची राज्याची शिष्यवृत्तीही तिथंच आहे.
- अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात. मुंबईचं साबू सिद्दीक, नवीन पनवेलचं कळसेकर टेक्निकल कॅम्पस, मालेगावचं मौलाना मुख्तार अहमद नदवी टेक्निकल कॅम्पस ही इंजिनिअरिंगची काही नावं. पुण्याचं पूना कॉलेज आणि छत्रपती संभाजीनगरचं मौलाना आझाद कॉलेज ही पदवी कॉलेजंही चौकशीच्या यादीत ठेवा.
- आधार, मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँक खातं यांवर नावाचं स्पेलिंग एकच करून घ्या. वर डेटाबेसमध्ये सांगितलेली अडचण इथं खरोखर भोवते. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्ती अडकते.

लॅपटॉपची घाई करू नका. पहिल्या वर्षाचं काम कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा जुन्या मशीनवर होतं. घ्यायचाच तर ८ जीबी रॅमचा, वापरलेला पण चांगला चालेल. फक्त मोबाइलवर मात्र प्रोग्रॅमिंग शिकता येत नाही.

ॲडमिशनआधी कॉलेजला विचारायचे प्रश्न

१. कोर्स कोणत्या विद्यापीठाचा आहे? एआयसीटीई मान्यता लागत असेल तर ती आहे का?
२. प्रॅक्टिकलला एका मशीनवर एकच मूल बसतं की तिघं?
३. लॅब तासांव्यतिरिक्त उघडी असते का? मुलींना किती वाजेपर्यंत थांबता येतं?
४. डेटा स्ट्रक्चर आणि डेटाबेस शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत की दर सत्राला बदलतात?
५. इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की मुलाने स्वतः शोधायची?
६. नोकरी लागलेल्यांची यादी दाखवतात, ती कोणत्या वर्षाची आणि एकूण किती मुलांपैकी?

शक्य असेल तर तिथं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलांना गेटवर गाठून हेच विचारा. खरं उत्तर तिथंच मिळतं.

पदवीनंतर

टीसीएस, विप्रोसारख्या मोठ्या कंपन्या बीएस्सी, बीसीए झालेल्या मुलांसाठीही वेगळी भरती करत आल्या आहेत. पुढे शिकायचं तर दोन वर्षांचं एमसीए किंवा एमएस्सी आहे. गेट परीक्षा दिली तर मोठ्या संस्थांची दारं उघडतात. सरकारी नोकरी, बँकांचे आयटी विभाग, शिक्षकी पेशा या वाटाही आहेत. लहान गावात राहून शाळा, दवाखाने, व्यापारी यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणारेही आहेत.

ज्यांना स्वतःला कॉम्प्युटर येत नाही अशा पालकांनाही लक्ष ठेवता येतं. महिन्यातून एकदा मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि विचारा: या महिन्यात स्वतः काय बनवलंस? ते चालवून दाखव. कुठं अडलं होतं आणि कसं सुटलं? तिच्या बोलण्यातले सगळे शब्द तुम्हाला कळणार नाहीत. पण मूल सांगताना खुलतंय की टाळतंय, हे आई-बापाला बरोबर कळतं. टाळत असेल तर रागावू नका, तिच्या सरांना किंवा मॅडमना जाऊन भेटा. पहिल्या सत्रात पकडलेली कमतरता महिन्या-दोन महिन्यांत भरून निघते. तीच तिसऱ्या वर्षी कळली तर फार उशीर झालेला असतो.